रेमडेसिवीरसाठीची धावपळ फुकट गेली का?

शिळी_भाकरी:
एप्रिल २०२१ मधे अख्खा महाराष्ट्र कोविडसाठी रेमडेसिवीर शोधत फिरत होता, लोकांनी दागिने गहाण टाकून ब्लॅकने इंजेक्शनं घेतली. आणि ऑक्टोबर २०२० मधेच डब्ल्यूएचओच्या सॉलिडॅरिटी ट्रायलमधे दिसलेलं की याने मृत्यू कमी होत नाहीत! तरी सहा व्हायलची चिठ्ठी हातात. माझ्या मते सरळ लूट.

गोळी_नंतर_पाणी:
लूट ब्लॅकवाल्यांनी केली हो, औषधाने नाही. कोविडमधे पहिला आठवडा व्हायरस वाढतो, रेमडेसिवीरसारखं अँटिव्हायरल (व्हायरसची वाढ रोखणारं औषध) तेव्हाच कामाचं. नंतर धाप लागते तोवर व्हायरस उतरणीला आणि आपलीच इम्युनिटी फुफ्फुसं सुजवत असते. सॉलिडॅरिटीत सगळे अ‍ॅडमिट पेशंट होते. तेच औषध धोका जास्त असलेल्यांना पहिल्या सात दिवसांत सुरू केलं तर अ‍ॅडमिट व्हायचं प्रमाण ८७ टक्क्यांनी कमी झालं, डिसेंबर २०२१ चा पेपर आहे.

शिळी_भाकरी:
पेपर डिसेंबरचा, रांगा एप्रिलच्या! आणि तेव्हा बेड मिळेपर्यंतच आठवडा जायचा, म्हणजे तुमच्याच हिशोबाने उशिरा आणि फुकट.

गोळी_नंतर_पाणी:
२०२० च्या अमेरिकेने घेतलेल्या ट्रायलमधे रेमडेसिवीर दिलेले पेशंट १५ ऐवजी १० दिवसांत बरे झालेले. बेडच नव्हते तेव्हा पाच दिवस आधी एक रिकामा होणं म्हणजे काहीच नाही का?

चहाटळ_पुणेकर:
मूळ मुद्दा राहिला बाजूला, व्हायरस वुहानच्या लॅबमधून सुटला त्याचं काय?

गोळी_नंतर_पाणी:
त्याला वेगळा धागा काढा. चीनने सुरुवातीचा डेटा पूर्ण दिलाच नाही, डब्ल्यूएचओच्या समितीने २०२५ मधे पण लॅबची शक्यता खोडली नाही, फक्त पुराव्यांचा कल प्राण्यांकडे आहे म्हणाले. त्याने पेशंटचा डोस बदलत नाही.

नाईट_ड्युटी:
दोघं भांडताय पण जीव वाचवले ते डेक्सामेथासोन या स्वस्तातल्या स्टिरॉइडने. रिकव्हरी ट्रायल, जून २०२०, व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने. ऑक्सिजन लागत नाही त्याला मात्र फायदा शून्य. आपल्याकडे ताप आला की तिसऱ्या दिवशीच स्टिरॉइड, त्याने वाढणारी शुगर कोण बघतंय, मग म्युकरने (काळ्या बुरशीने) डोळा काढायची वेळ. बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा द्यायचे त्याचं तेच, आयसीएमआरच्याच ट्रायलने उपयोग नाही म्हटलेलं तरी मे २०२१ पर्यंत गाईडलाईनमधे होता.

शिळी_भाकरी:
म्हणजे स्टिरॉइड लवकर आणि रेमडेसिवीर उशिरा, सगळं बरोब्बर उलटं! आणि बिल मात्र वेळेवर. लूट हा शब्द मी मागे घेणार नाही.