अनुभव : फ्योर्डकाठचा मुक्काम आणि स्कँडिनेव्हियाचे बेत

अनघा२
भाचीने काल स्टेटसला फोटो टाकला. पांढरी लाकडी बाल्कनी, खाली काळंशार पाणी, समोर बर्फाचे माथे. कठड्याचं कोरीवकाम बघूनच ओळखलं, नॉर्वेतलं बालेस्ट्रांड! लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आम्ही तिथेच होतो. म्हणून हा धागा. राहिलेल्यांनी लिहा, जाणाऱ्यांनी विचारा.

बर्गनहून एक्स्प्रेस बोटीने सोग्नेफ्योर्डमधून साधारण चार तास. (फ्योर्ड म्हणजे डोंगरांत आत शिरलेला समुद्राचा चिंचोळा फाटा.) क्विक्नेस हॉटेल धक्क्याजवळच. क्विक्ने कुटुंबाने ते १८७७ मध्ये घेतलं. जुन्या इमारतीतच खोली मागा, नवी विंग दिसायला यथातथाच. आत जर्मनीचा सम्राट कैसर विल्हेल्म याची खुर्ची दाखवतात. तो उन्हाळ्यात नॉर्वेला हटकून यायचा. १९१४ च्या जुलैत इथूनच घाईघाईने जर्मनीला परतला, आणि आठवड्याभरात महायुद्ध. ह्यांना त्या खुर्चीत बसून फोटो हवा होता, मी हात धरून बाहेर काढलं.

पाण्यात बोट बुडवून चाटलं तर किंचित खारट. उन्हाळ्यात वरचा थर वितळलेल्या बर्फाचा असतो, पण आहे तो समुद्रच. दगडांवर तपकिरी शेवाळ आणि भरतीची रेघ स्पष्ट दिसते. रात्री साडेदहाला बाहेर बसून पेपर वाचता येतो.

माझं मत : चार देश उरकण्यापेक्षा एका फ्योर्डकाठी नुसतं बसा.

चहाटळ
खोलीत केटल होती का? बाकी नंतर वाचतो.

अनघा२
नव्हती. गरम पाणी मागितलं की देतात. चहाची पुडी आपली.

भटक्या बोका
नुसतं बसायला पैसे झाडाला लागत नाहीत ताई 😀 आम्ही टूरबरोबर गेलो, कंपनीचं नाव घेत नाही. मिर्डालहून फ्लोमची रेल्वे मात्र झकास. ८६६ मीटर उंचीवरून २० किमीत थेट फ्योर्डपर्यंत. मध्ये धबधब्यापाशी थांबते, सगळा डबा खाली उतरून ओला होतो. फ्लोमला पोचलो तर "फोटो काढा, बसमध्ये बसा". आईला बोटीत बसायचं होतं, ते राहिलंच. आणि पत्रकात "फ्योर्ड व्ह्यू" लिहिलेल्या खोलीतून पेट्रोल पंप दिसत होता.

मंजूषा_क
अरेरे, आईंसाठी वाईट वाटलं. परत घेऊन जा त्यांना. फ्लोम ते गुडवांगेन बोट आता बॅटरीवर चालते, आवाज नाही की धूर नाही. नॅरॉयफ्योर्डमध्ये काही ठिकाणी दोन्हीकडचे कडे इतके जवळ येतात की मान दुखते वर बघून. २००५ पासून जागतिक वारसा आहे तो, गाइरांगर फ्योर्डसकट.
कुकर झाला, येते.

स्टॅव्हंगरकर
इथेच राहतो म्हणून पटापट :
व्हिसा एकच शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा. जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे.
डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, तिघांचे क्रोनर वेगळे. पण रोख कुणी बघतही नाही, कार्ड चालतं.
रविवारी बहुतेक दुकानं बंद. शनिवारीच ब्रेड-दही घेऊन ठेवा.
भारतातून तूप, पेढे, खवा आणू नका, दुधाचे पदार्थ चालत नाहीत. मेतकूट, चिवडा, चटणी बिनधास्त.
नळाचं पाणी प्या, बाटली विकत घेऊ नका.

चहाटळ
तूप नाही?? मग मेतकूट-भात कशाशी खायचा, बर्फाशी?

स्टॅव्हंगरकर
लोणी इथलं उत्तम आहे, कढवा.

खडकवाला
गाइरांगरला राहणाऱ्यांनी हॉटेलात धोक्याच्या भोंग्याची सूचना लावलेली असेल तर वाचा. ओकर्नेसेटचा डोंगर भेगाळलाय, त्यावर चोवीस तास उपकरणांची नजर आहे. पडला तर लाट येणार. १९३४ मध्ये ताफ्योर्डला कडा कोसळून लाटेत ४० माणसं गेली. घाबरवत नाही, माझा विषय आहे म्हणून लिहिलं. बायको म्हणते म्हणूनच मला कुणी ट्रिपला नेत नाही.

आजीचीवही
तपकिरी चीज कुणी खाल्लं का? ब्रुनोस्ट. नाश्त्याला ठोकळा ठेवतात, बाजूला किसणीसारखी सुरी. चीज करताना उरलेलं पाणी, म्हणजे निवळी, आटवून आटवून करतात, म्हणून रंग. मला कंदी पेढ्यात कुणी मीठ सांडल्यागत लागलं. लेकाने संपवलं.
हार्डांगर फ्योर्डकाठी लोफ्टहूसला होतो, मे महिना, सफरचंदाच्या बागा फुललेल्या. हॉटेलच्या बागेत संगीतकार ग्रीगची लाकडी खोली आहे, एवढीशी. खिडकीतून समोर फ्योर्ड आणि बर्फ.

मंजूषा_क
मला आवडतं ब्रुनोस्ट!! पोळीला लावून बघा, जॅमबरोबर.

भटक्या बोका
पोळी कुठून आणली नॉर्वेत?

मंजूषा_क
दशम्या. पाण्यात भिजवलेल्या, दुधातल्या नव्हेत 😇

सुलू_नाशिक
सगळं वाचतेय. जूनमध्ये सासूबाईंना घेऊन जायचा विचार आहे, गुडघे दुखतात. त्या जुन्या इमारतीत लिफ्ट आहे का? आणि उजेडात झोप लागते का हो?

अनघा२
बुकिंग करतानाच मेल टाकून विचारा आणि खालच्या मजल्याची खोली मागा. पडदे जाड असतात. दोघांना दोन वेगळी पांघरुणं देतात, आमच्याकडे त्यावरून होणारी भांडणं तेवढे दिवस बंद होती.

चहाटळ
हे वेगळ्या पांघरुणाचं जरा घरी कसं सुचवायचं ते सांगा. धागा भरकटला तरी चालेल.