एलएलबी : पुरवण्या भरतात, गुण भरत नाहीत. आराखडा नेमका कसा काढायचा?

वसुली_अधिकारी_कराड

नमस्कार मंडळी. तीन वर्षांच्या एलएलबीचं दुसरं सत्र चालू आहे. दिवसभर पतसंस्थेत वसुलीचं काम, अभ्यास रात्री जेवणं उरकल्यावर. कष्टाला कमी नाही, पण गुण बघितले की डोकं फिरतं.

प्रत्येक विषयाचा आराखडा करा, असं सगळे सांगतात. मी केला. कॉन्ट्रॅक्टचा माझा आराखडा साठ पानांचा झालाय, म्हणजे बेअर ॲक्टच (कायद्याचा नुसता मूळ मजकूर) पुन्हा हाताने उतरवला म्हणा. चार रंगांची पेनं वापरलीत. परीक्षेच्या आदल्या रात्री तो वाचून होत नाही.

मागच्या सत्रात १६ गुणांचा हा प्रश्न होता, आठवेल तसा देतो. संकेतचं वय १७ वर्षं ४ महिने. वय १९ असल्याचं सांगून, शाळेचा खोटा दाखला दाखवून त्याने माधवरावांकडून ६०,००० रुपये कर्ज घेतलं. ४०,०००ची जुनी मोटारसायकल घेतली, बाकीचे गोव्यात उडवले. माधवरावांनी पैशांसाठी दावा लावला. निर्णय द्या.

मी कराराची व्याख्या, कलम १० मधले वैध कराराचे सगळे घटक, मोहोरी बीबी खटल्याची अख्खी हकिगत असं सहा पानं लिहिलं. पाच गुण मिळाले. कोणी सांगेल का, तपासणाऱ्याला हवं तरी काय असतं?

निवृत्त_लघुलेखक

सांगलीकडच्या कोर्टांत लघुलेखक म्हणून नोकरी झाली. साहेब डायसवरून किंवा चेंबरमध्ये डिक्टेशन द्यायचे, मी घ्यायचो आणि टाइप करायचो. नोकरीत असतानाच एलएलबी केलं. त्यामुळे जे सांगतो ते प्राध्यापकी नाही, टंकलेखकी आहे असं समजा.

वसुलीसाहेब, तुमच्या प्रश्नात शेवटी काय लिहिलंय? "निर्णय द्या." मग निर्णय जसा लिहितात तसा लिहा ना! दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २० नियम ४ मध्ये निकालपत्रात काय असावं ते चार गोष्टींत सांगितलंय: थोडक्यात हकिगत, निर्णयासाठीचे मुद्दे, त्यांवरचा निर्णय आणि त्याची कारणं. आपल्याकडच्या कुठल्याही तालुका कोर्टाचं मराठी निकालपत्र उघडा. डाव्या बाजूला "मुद्दे", उजव्या बाजूला "निष्कर्ष", त्याखाली "कारणमीमांसा". इंग्रजी पुस्तकांतून उत्तर लिहिण्याची जी सूत्रं शिकवतात, ती ह्याहून फार वेगळी नाहीत. आपल्या कोर्टात ती रोज टाइप होतात.

तुमचा प्रश्न मी असा मांडला असता:

१. व्यवहाराच्या दिवशी संकेत करार करण्यास पात्र होता काय? — नाही.
२. वय खोटं सांगितल्यामुळे त्याला अज्ञानपणाचा (अल्पवयीन असल्याचा) बचाव घेण्यास विबंध (आधी सांगितल्याच्या उलट म्हणायला मनाई) येतो काय? — नाही.
३. मिळालेला लाभ परत करण्याचा आदेश त्याला देता येईल काय? — अंशतः होय.
४. काय आदेश? — अंतिम आदेशाप्रमाणे.

हे उत्तराच्या पहिल्या पानावर, पहिल्या दहा ओळींत. गठ्ठ्यातला कितवा तरी पेपर हातात घेतलेल्या माणसाला इथेच कळतं की ह्या विद्यार्थ्याला प्रश्न समजलाय.

आता कारणमीमांसा. पहिला मुद्दा चार ओळींत संपवायचा. कलम ११, १८७५च्या सज्ञानता कायद्याप्रमाणे अठरा वर्षं, आणि १९०३चा प्रिव्ही कौन्सिलचा (इंग्रजी अमलातलं शेवटचं अपील न्यायालय) मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष: अज्ञानाचा करार मुळापासूनच शून्य. बस. ह्यावर वाद नाही, म्हणून ह्यावर गुणही थोडेच. तुमची सहा पानं बहुधा ह्याच मुद्द्यावर खर्च झाली.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र थांबायचं. मोहोरी बीबीतही अज्ञानाने वयाबद्दल खोटंच सांगितलं होतं. पण तिथे सावकाराच्या माणसाला खरं वय माहीत होतं, म्हणजे सावकार फसलाच नव्हता, आणि म्हणून विबंधाचा प्रश्न उरला नाही. तुमच्या माधवरावांना खोटा दाखला दाखवलाय, ते खरोखर फसलेत. पेपर काढणाऱ्याने दाखल्याचं वाक्य उगाच घातलेलं नाही. हा फरक तुम्ही दाखवलात, तर तुम्ही खटला पाठ केलेला नसून वाचलेला आहे हे दिसतं. मग पुढे लिहायचं, की फसवणूक असली तरी विबंध लावता येत नाही. कारण कायद्याने जो करार शून्य ठरवलाय तो विबंधाच्या मागच्या दाराने जिवंत करता येणार नाही. इथे लाहोरचा १९२८चा खान गुल विरुद्ध लाखा सिंग.

तिसऱ्या मुद्द्यात खरी गंमत आहे. संकेत प्रतिवादी आहे आणि "मी अज्ञान होतो" म्हणून दाव्यातून सुटतोय. नेमकी हीच परिस्थिती १९६३च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ३३(२)(ब) मध्ये आहे. त्याला किंवा त्याच्या संपत्तीला जेवढा लाभ झालाय, तेवढ्यापुरतं परत करायला कोर्ट सांगू शकतं. मोटारसायकल दारात उभी आहे, ती लाभात धरता येते. गोव्यातले वीस हजार? ते गेले, त्याची संपत्ती त्याने वाढली नाही, असा युक्तिवाद संकेतच्या बाजूने करता येतो. मजेसाठी खर्च केला तोही लाभच, असं माधवरावांचा वकील म्हणेल. दोन्ही बाजू लिहा, मग एक निवडा. कुठली निवडलीत ह्याने गुण जात नाहीत, निवडलीच नाही तर जातात. करार कायद्याचं कलम ६५ (शून्य ठरलेल्या करारातला लाभ परत करणं) का लागत नाही हे एका ओळीत टाका, कारण मोहोरी बीबीत तो प्रयत्न होऊन फसला होता.

आदेश: करारावर आधारलेली मागणी फेटाळली, लाभापुरती परतफेड. झालं. साडेतीन-चार पानं.

आता तुमच्या साठ पानांबद्दल. आराखडा कायद्याचा संक्षेप म्हणून करू नका, मुद्द्यांची यादी म्हणून करा. प्रत्येक प्रकरणासाठी वहीचं एक पान. डाव्या बाजूला "काय?" ने संपणारे प्रश्न, जसे साहेब काढायचे. उजव्या बाजूला कलम, एक खटला, त्यातलं एक वाक्य. प्रस्ताव-स्वीकृतीचं माझं पान साधारण असं होतं. तो प्रस्ताव होता की नुसती किमतीची माहिती? हार्वी विरुद्ध फेसी, १८९३. काम करणाऱ्याला प्रस्ताव माहीत होता काय? लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त, १९१३, हरवलेला पुतण्या शोधायला मुनीम हरिद्वारला गेला, ५०१ रुपयांचं इनाम मागाहून जाहीर झालं आणि त्याला ते माहीतच नव्हतं. स्वीकृती बिनशर्त होती काय? कलम ७. ती पूर्ण कधी झाली? कलम ४. मागे घेता आली असती काय? कलम ५. व्याख्या त्या पानावर नाहीतच. व्याख्या बेअर ॲक्टमध्ये असतात, तिथेच वाचाव्यात.

खटल्याची हकिगत किती लिहायची ह्यावरून पोरं फार घोळ घालतात. नानावटी खटला आला की आय.एन.एस. मैसूरपासून सुरुवात करतात आणि ज्यूरीपर्यंत जातात. प्रश्न गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभाचा असेल, तर एवढंच हवं: पत्नीची कबुली ऐकल्यावर त्याने घरच्यांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं, मग पत्नीचा प्रियकर आहुजा, त्याच्या घरी गेला. मधे भानावर यायला पुरेसा वेळ होता, म्हणून खुनाच्या व्याख्येतला प्रक्षोभाचा अपवाद मिळाला नाही. ह्या तपशिलात प्रक्षोभाचं उत्तर आहे, बाकीचं वर्तमानपत्रांचं.

नागपूरची_तिसऱ्या_वर्षाची

काकांचं प्रॉब्लेमसाठी, म्हणजे हकिगत देऊन निर्णय मागणाऱ्या प्रश्नांसाठी, एकदम पटलं. पण अर्धा पेपर प्रॉब्लेमचा नसतोच ना. "मूलभूत संरचनेच्या सिद्धांताची चर्चा करा" ह्याला मुद्दे-निष्कर्ष लावून बघा, उत्तर अवघडून बसतं. तिथे वादी कोण, प्रतिवादी कोण?

अशा प्रश्नाला मी उभी रेघ मारते आणि सालं टाकते. १९५१ शंकरी प्रसाद, १९६५ सज्जन सिंग, १९६७ गोलकनाथ, १९७१ची चोविसावी दुरुस्ती, १९७३ केशवानंद, १९७५ इंदिरा गांधी विरुद्ध राज नारायण, १९७६ची बेचाळिसावी दुरुस्ती, १९८० मिनर्व्हा मिल्स. मग प्रत्येक पायरी ही आधीच्या पायरीला दिलेलं उत्तर आहे असं लिहिते. मूलभूत हक्क दुरुस्तीने काढता येणार नाहीत म्हणत गोलकनाथने संसदेचा हात धरला, म्हणून चोविसावी दुरुस्ती आली. तिला केशवानंदच्या तेरा न्यायमूर्तींनी सात विरुद्ध सहाने उत्तर दिलं: दुरुस्ती करा, पण मूलभूत संरचनेला हात लावू नका. बेचाळिसाव्या दुरुस्तीने घटनादुरुस्तीच्या कलम ३६८ला नवी पोटकलमं जोडून पुन्हा प्रयत्न केला, तो मिनर्व्हात पडला. भांडण सांगितल्यासारखं लिहिलं की वाचणाराही जागा राहतो. नुसती नावं एकाखाली एक लिहिणाऱ्याला निम्मेच गुण मिळतात, आमच्या बॅचमध्ये हे सर्रास झालंय.

आणि वेळ! ८० गुण, तीन तास. वाचायला नि मुद्दे काढायला वीस मिनिटं सोडली तर एका गुणाला दोन मिनिटं. १६ गुणांना ३२ मिनिटं. तेहेतिसाव्या मिनिटाला तुम्ही कितीही छान लिहीत असाल, पुढच्या प्रश्नाला जा. टिपांचं विचाराल, तर व्याख्या, कलम, एक उदाहरण, एक खटला, संपलं.

निवृत्त_लघुलेखक

चर्चेच्या प्रश्नाबद्दल ताई म्हणतात ते बरोबर आहे. तिथे माझी चौकट लावू नये. फक्त शेवटी स्वतःचं मत दोन ओळींत द्यावं, नाहीतर ती नुसती सनावळी होते.

खामगावकर

काकांच्या प्रस्ताव-स्वीकृतीच्या पानावर आमच्या गावचा खटला नाही म्हणून आलो! भगवानदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल, सर्वोच्च न्यायालय, १९६६. खामगावची केडियांची जिनिंग आणि ऑइल मिल, अहमदाबादची पार्टी, सौदा सरकीच्या पेंडीचा आणि तोही ट्रंक कॉलवर. करार झाला कुठे, खामगावला की अहमदाबादला? बहुमताने सांगितलं, की फोनवर स्वीकृती जिथे ऐकू जाते तिथे करार होतो, म्हणून अहमदाबादच्या कोर्टाला अधिकार. पोस्टाचा नियम (स्वीकृतीचं पत्र टाकलं की करार झाला) फोनला लागत नाही.

हिदायतुल्लांनी मात्र वेगळा निकाल लिहिला. कलम ४ चे शब्द बघा, स्वीकृती स्वीकारणाऱ्याच्या हातून सुटली की प्रस्तावकाला बांधते, मग फोन काय आणि पत्र काय? माझ्या मते कायद्याचे शब्द त्यांच्या बाजूने आहेत आणि व्यवहार बहुमताच्या. हे भिन्नमत एका वाक्यात लिहिलं की उत्तराचं वजन वाढतं. आजकाल पेपरात हाच प्रश्न व्हॉट्सॲपवरच्या सौद्याचं रूप घेऊन येतो, तेव्हा केडियापासून सुरुवात करायची.

वसुली_अधिकारी_कराड

सगळ्यांचे आभार. काका, साठ पानं बाजूला ठेवली, नवी दोनशेपानी आणली. एक शंका आहे. फौजदारीत जुनी कलमं लिहायची की नवी? खुनाच्या शिक्षेचं जुन्या दंड संहितेतलं ३०२ तोंडात बसलंय, आता नव्या न्याय संहितेतलं १०३ म्हणायचं. आणि मित्राने दिलेल्या प्रॉब्लेमचे मुद्दे काढलेत, बघाल का?

प्रॉब्लेम: १० मार्च २०२४ रोजी शेताच्या बांधावरून शेजाऱ्यांत बाचाबाची झाली. त्याच भरात आरोपीने हातातल्या खोऱ्याच्या दांड्याने डोक्यात एकच फटका मारला. आठ दिवसांनी जखमी सिव्हिलमध्ये वारला.

१. मृत्यू आरोपीच्या फटक्यानेच झाला काय?
२. हा सदोष मनुष्यवध आहे काय? — भारतीय न्याय संहिता, कलम १००.
३. तो खून ठरतो काय? — कलम १०१.
४. काय आदेश?

निवृत्त_लघुलेखक

मांडणी छान जमली आहे. पण तारीख वाचा. न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आणि तुमची घटना मार्चची. गुन्हा घडला त्या दिवशीचा कायदा, म्हणजे भारतीय दंड संहिता, कलम २९९ आणि ३००. पेपर काढणारे आता अशी तारीख मुद्दाम घालतात. नवं कलम कंसात द्यायला हरकत नाही. तारीखच दिली नसेल तर नवा कायदा धरा आणि जुनं कलम कंसात.

तिसऱ्या मुद्द्यात "एकच फटका, म्हणून खून नाही" असं लिहू नका. विरसा सिंग विरुद्ध पंजाब, १९५८, तिथेही भाल्याची जखम एकच होती. जी इजा झाली तीच करायची होती का, आणि ती निसर्गक्रमाने मृत्यूला पुरेशी होती का, एवढंच बघायचं. इथे शवविच्छेदनाचा अहवाल प्रश्नात दिलेला नाही, तेव्हा तसं स्पष्ट लिहून दोन्ही शक्यता मांडा.

आणि तीन-चारच्या मधे एक मुद्दा राहिलाय: कलम ३००चा चौथा अपवाद, पूर्वतयारीशिवाय अचानक झालेलं भांडण, लागतो काय? बाचाबाची, हातात आधीच असलेलं खोरं, एकच फटका, हे सगळे शब्द त्यासाठीच पेरलेत. तो लागला तर शिक्षा ३०४ खाली, म्हणजे खून नसलेल्या सदोष मनुष्यवधाची. त्यात पहिला भाग (हेतू होता) की दुसरा (नुसती जाणीव होती), हे कारणांसह लिहा. सोळातले निम्मे गुण तिथे आहेत.