चाकण ते मोशी, रात्री साडेअकरानंतर सायकलने: मागून येणाऱ्या कंटेनरला वेळेत दिसायचं तर काय काय लावावं?

रात्रपाळी_मोशी

दुसरी पाळी रात्री साडेअकराला सुटते. चाकण एमआयडीसीतून मोशीपर्यंत नाशिक हायवेने साधारण ११ किलोमीटर. काही ठिकाणी दिवे आहेत, मधले पट्टे पूर्ण अंधाराचे. मागून कंटेनर, ट्रेलर, कंपन्यांच्या बसेस; कडेने राँग साइडने येणाऱ्या मोटरसायकली.

सायकल साधी २६ इंची, काळी, मडगार्ड आणि कॅरियरवाली. वेग १८च्या आसपास. सध्या सीटखाली चार्जिंगचा लाल ब्लिंकर आहे, मागच्या मडगार्डला सायकलसोबत आलेला रिफ्लेक्टर आहे, अंगात पिवळं जॅकेट आणि पाठीवर डब्याची काळी सॅक. पुढे दिवा नाही, कारण रस्ता पाठ आहे.

विचारायचं हे: एवढं पुरतं का? रेडियम लावायचं तर नेमकं कुठे आणि कोणतं? आणि हातात २००० रुपये असतील तर आधी काय घ्यावं?

आरे_आणि_छर्रे

आधी पुढचा दिवा. बाकी सगळं त्यानंतर. रस्ता तुम्हाला पाठ आहे, पण पुढचा दिवा रस्ता बघण्यापुरता नसतो. राँग साइडने येणारा मोटरसायकलवाला, कंपनीच्या गेटमधून बाहेर पडणारा टेम्पो, दुभाजकाच्या फटीतून वळणारी कार, या सगळ्यांना तुम्ही समोरून किंवा आडवे दिसता. तिथे नुसत्या रेडियमवर भागत नाही. रेडियम स्वतः उजळत नाही, ते आलेला उजेड जिथून आला तिथेच परत पाठवतं. आडव्या रस्त्यावरच्या गाडीचे दिवे तुमच्यावर पडतात तेव्हा तुम्ही तिच्या बंपरसमोर असता.

आता मागची बाजू. वेळेचा हिशोब असा: तुम्ही १८ने जाताय, मागची गाडी ६०ने. दोघांमधलं अंतर सेकंदाला पावणेबारा मीटरने कमी होतं. डिपरच्या (खाली झुकवलेल्या हेडलाइटच्या) उजेडात काळी सायकल, काळी सॅक साधारण ४० मीटरवर दिसली तर ड्रायव्हरच्या हातात साडेतीन सेकंद. त्यात ओळखायचं, आरसा बघायचा, गाडी बाजूला घ्यायची. तेच १५० मीटरवर कळलं तर जवळजवळ १३ सेकंद. सगळी खटपट या १३ सेकंदांसाठी करायची.

पिवळ्या जॅकेटबद्दल गैरसमज फार आहे. तो भडक पोपटी-पिवळा रंग उन्हातल्या अतिनील किरणांवर चमकतो. रात्री ते किरण नाहीत, त्यामुळे ते साधं फिकट कापड होतं. रात्री काम करते ती त्यावरची चंदेरी पट्टी, आणि तुमच्याकडे ती सॅकखाली झाकलेली आहे! म्हणजे मागच्या गाडीला जॅकेट दिसतच नाही. सॅक कॅरियरला बांधा, नाहीतर सॅकच्या पाठीवरच पट्टी शिवून घ्या.

तिसरी गोष्ट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित: घोटे. दिसणं वेगळं आणि सायकलवाला म्हणून ओळखू येणं वेगळं. अंधारात एक लाल ठिपका म्हणजे दूरची मोटरसायकल असू शकते, उभा ट्रक असू शकतो, डायव्हर्जनचा दिवा असू शकतो. पण दोन चकाकणारे पट्टे वर-खाली, वर-खाली होताना दिसले की पायडल मारणारा माणूस आहे हे डोक्याला लगेच कळतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीने २०१२ साली प्रसिद्ध केलेली बंद ट्रॅकवरची रात्रीची चाचणी आहे. काळ्या कपड्यांतला सायकलस्वार ड्रायव्हरांनी २ टक्के वेळा ओळखला, फ्लोरोसंट जॅकेटमधला १५ टक्के, चंदेरी पट्टीच्या जॅकेटमधला ५० टक्के, आणि त्याच जॅकेटसोबत घोट्यांना-गुडघ्यांना पट्टे लावलेला ९० टक्के. दोन्ही घोट्यांना पाच सेंटिमीटर रुंद वेल्क्रोचे पट्टे लावा, पँटच्या बाहेरून, पूर्ण गोल. पँटचा पायचा चेनमध्ये अडकत नाही हा वरचा फायदा.

रेडियम विकत घेताना जपून. दुकानात ‘रेडियम’ म्हणून तीन वेगळ्या गोष्टी मिळतात: नुसतं चमकदार विनाइल (रात्री शून्य), काचेच्या बारीक मण्यांचं मऊ टेप (मध्यम), आणि मधमाशीच्या पोळ्यासारखी किंवा चौकटीची नक्षी दिसणारं प्रिझमचं टेप, जे ट्रकच्या मागे लावतात (सगळ्यात तेज). शेवटच्यावर ‘एआयएस ०९०’ (वाहनांवरच्या अशा टेपचं भारतीय मानक) छापलेलं बघा. पारख सोपी आहे. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात तुकडा ठेवायचा, पाच-सहा पावलं मागे यायचं, मोबाइलचा टॉर्च डोळ्याच्या अगदी शेजारी, गालाला टेकवून धरायचा. खरं टेप दिव्यासारखं पेटतं. टॉर्च कमरेशी धरून बघितलं तर चांगलं टेपसुद्धा फिकं दिसेल, तशी पारख करू नका.

लावायचं कुठे:

मागच्या मडगार्डवर लाल प्रिझम टेप, ५ सेंटिमीटर रुंद, १५ सेंटिमीटर लांब. मडगार्डला आडवा बाक असतो, त्यामुळे अख्खा तुकडा कडेला उचलतो. चार-चार सेंटिमीटरचे तुकडे करा आणि प्रत्येकाचे कोपरे गोल कापा. टोकदार कोपरा महिन्याभरात उकलतो, त्यात धूळ शिरते आणि मग पूर्ण पट्टी निघते.

मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांना प्रिझम टेप गुंडाळू नका. नळी जेमतेम बोटाएवढी, टेप ताठ, सांधा उघडतोच. तिथे मण्यांचं मऊ टेप. क्रँकच्या (पायडल ज्याला जोडलेलं असतं त्या दांड्याच्या) मागच्या कडेलाही एक अरुंद पट्टी द्या, ती घोट्यासारखीच वर-खाली होते. पायडलचे पिवळे रिफ्लेक्टर तुटले असतील तर अख्खी पायडलची जोडीच बदला.

बाजूने दिसण्यासाठी रिमच्या आतल्या अंगाला, आऱ्यांच्या मधे पांढरे तुकडे, एका चाकाला आठ. ब्रेकचे रबर जिथे घासतं तिथे चुकूनही नको.

चिकटवण्याआधी जागा साबणाने धुवा, वाळवा, मग स्पिरिटने पुसा. चेनच्या तेलाचा हलका थर हाताला लागत नाही, पण टेप त्यावर टिकत नाही. टेप ताणून लावायचं नाही. अंगठ्याने मधून कडेकडे दाबत न्यायचं आणि एक दिवस पाणी लागू द्यायचं नाही.

दिवाबत्ती

वरच्याशी सहमत. मी फक्त दिव्यांचं सांगतो.

तुमचा ब्लिंकर सीटखाली आहे आणि मागे कॅरियर आहे. कॅरियरवर काही बांधलं की दिवा झाकला जातो. जॅकेटचा मागचा घोळ खाली आला तरी तेच, आणि पावसाळ्यात रेनकोट तर हमखास. म्हणून मुख्य मागचा दिवा कॅरियरच्या मागच्या टोकाला हलवा. सायकलच्या दुकानात तिथे बसवायची छोटी पत्र्याची पट्टी मिळते.

कोन नीट बघा, इथेच बहुतेकांचं चुकतं. लहान एलईडी दिव्याचा झोत अरुंद असतो. सीटचा दांडा तिरका असल्याने त्यावर बांधलेला दिवा आपोआप तिरका बसतो. झोत ५ अंश वर गेला तरी ३० मीटर मागे तो दिव्यापेक्षा अडीच मीटर उंचावरून जातो, म्हणजे कारच्या टपावरून. दिवा जमिनीला समांतर करा आणि तीस पावलं मागे जाऊन, गुडघ्यात वाकून, कार ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या उंचीवरून (जमिनीपासून सव्वा मीटरच्या आत) बघा. मग तिथूनच तीन पावलं उजवीकडे सरका. ओव्हरटेक करणारा त्या बाजूने बघतो. तिथूनही ठिपका तेज दिसला तर बरोबर.

मागे दोन दिवे हवेत. एक स्थिर, एक हळू लुकलुकणारा. लुकलुक लक्ष वेधते, पण अंधारात नुसत्या लुकलुकीवरून तुम्ही किती लांब आहात आणि किती वेगाने चालला आहात हे मागच्याला ठरवता येत नाही, कारण प्रत्येक वेळी दिवा विझला की त्याचा अंदाज तुटतो. स्थिर दिवा तो अंदाज देतो. लुकलुकणारा सेकंदाला एक ते चार वेळा, त्याहून झपाझप नको. रात्री २० ते ५० लुमेन (दिव्याच्या उजेडाचं माप) पुरतात. ‘डे फ्लॅश’ नावाचा १०० लुमेनच्या वरचा झटका दिवसासाठी असतो. रात्री तो डोळ्यात गेला की मागच्याला तुमच्या आजूबाजूचं काहीच दिसत नाही. लाल मागे, पांढरा पुढे, हे कधीही उलटं करू नका. ड्रायव्हर रंगावरूनच तुमची दिशा ओळखतो. आऱ्यांवरचे रंगीबेरंगी दिवे आणि लाल-निळी लुकलुक टाळा.

पुढे ३०० ते ४०० लुमेन, स्थिर. बसवताना सायकल भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा. दिवा जमिनीपासून १ मीटरवर असेल तर झोताचा मध्य भिंतीवर ७५ सेंटिमीटरवर पडायला हवा. असा झोत रस्त्याला २० मीटरवर टेकतो, खड्डा दिसतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जात नाही. नंतर क्लॅम्प घट्ट करा. रबरी पट्टा ढिला असेल तर चाकणच्या रस्त्यावर दुसऱ्याच खड्ड्यात दिवा खाली झुकतो.

बॅटरीचं गणित करून घ्या. पुढच्या दिव्याच्या आत एक १८६५० सेल (चार्जिंगचा गोल लिथियम सेल), २६०० एमएएच असेल तर साधारण साडेनऊ वॉट-तास. ५०० लुमेनला एलईडी पाचएक वॉट खातो, म्हणजे दोन तासांच्या आत संपला. निम्म्या उजेडावर साडेतीन तास जातो. तुमचा प्रवास चाळीस मिनिटांचा, त्यामुळे मधल्या सेटिंगवर चार दिवसांतून एकदा चार्जिंग.

ट्रेलर_डावी_बाजू

ट्रेलरच्या केबिनमधून काय दिसतं ते या धाग्यात यायला हवं, कारण तुमच्या रस्त्यावर तीच वाहनं जास्त.

रेडियम उजेड दिव्याकडे परत पाठवतं. कारमध्ये ड्रायव्हरचा डोळा हेडलाइटच्या जेमतेम अर्धा-पाऊण मीटर वर असतो. ट्रकमध्ये दीड मीटरच्या वर. १०० मीटरवर हा फरक एका अंशाच्या आत येतो, पट्टी छान पेटते. पण ३० मीटरवर तो ३ अंश होतो आणि परतलेला झोत ड्रायव्हरच्या छातीखालूनच निघून जातो. म्हणजे जी पट्टी कारवाल्याला जवळ येईपर्यंत लखलखते, ती केबिनमधून जवळ आल्यावर मंदावते. त्यात ट्रकच्या हेडलाइटच्या काचा चिखलाने माखलेल्या असतील तर मुळात उजेडच कमी. म्हणून ट्रकच्या रस्त्यावर नुसत्या रेडियमच्या भरवशावर जाऊ नये, स्वतःचा पेटता दिवा पाहिजेच. तो दिवा थोडा उंच असेल तर आणखी चांगलं. दुसरा दिवा सॅकवर किंवा हेल्मेटच्या मागे लावा.

आणि कितीही दिवे लावले तरी एका जागी तुम्ही दिसत नाही: केबिनच्या डाव्या दाराला लागून. एमआयडीसीच्या गेटमध्ये डावीकडे वळणारा ट्रेलर आधी उजवीकडे जागा घेतो. मागच्याला वाटतं हा सरळ चाललाय, डावीकडे जागा आहे. मग तो वळतो आणि मागची चाकं पुढच्या चाकांच्या बरीच आतून कापत जातात. सिग्नलला किंवा गेटपाशी ट्रेलर हळू झाला की त्याच्या डावीकडून पुढे घुसू नका, मागेच थांबा.

मिरज_पूर्वभाग

दुभाजक नसलेल्या रस्त्यावरून जाणाऱ्यांसाठी थोडी भर. तिथे सगळ्यात वाईट क्षण समोरून अप्पर (हेडलाइटचा वरचा झोत) लावून गाडी येते तेव्हाचा. मागच्या ड्रायव्हरचे डोळे त्या झोताने दिपतात आणि त्याच्या समोरचा डावा कडेचा भाग काळा होतो. तुम्ही नेमके तिथे असता. अशा वेळी रेडियम हरतं, लाल दिवा थोडा टिकतो. उजव्या हँडलला आरसा लावा. समोरून आणि मागून गाडी एकाच वेळी तुमच्याजवळ पोचणार असं दिसलं तर साइडपट्टीवर उतरून थांबा. मात्र आधी टॉर्च मारून साइडपट्टीची खोली बघा, डांबराची कड वीतभर उंच असते.

उसाच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या पुढे असतात. तिथे पुढचा दिवा तुम्हालाच वाचवतो.

रात्रपाळी_मोशी

सगळ्यांचे मनापासून आभार. सॅकने जॅकेट झाकलं जातंय हे डोक्यातच आलं नव्हतं. दोन शंका. चार्जिंग विसरलं तर काय? आणि पावसाळ्यात चार्जिंगचे दिवे टिकतात का?

दिवाबत्ती

दोन मागच्या दिव्यांपैकी एक ट्रिपल-ए सेलवर चालणारा घ्या. दोन सेल लागतात, मंद व्हायला लागतो तेव्हा कळतं आणि सेल हायवेच्या टपरीवरही मिळतात. चार्जिंगचा दिवा मात्र अचानक विझतो. सेल महिना-दोन महिने वापरणार नसाल तर काढून ठेवा, गळले की स्प्रिंग खातात.

कायमचा उपाय हवा असेल तर जुन्या सायकलींना असायचा तो टायरला घासणारा ६ व्होल्ट, ३ वॉटचा डायनॅमो आजही चालतो, फक्त बल्बऐवजी आत कपॅसिटर असलेला एलईडी दिवा जोडायचा. साधा बल्ब सायकल थांबली की विझतो, हा थांबल्यावरही काही मिनिटं जळत राहतो. पावसात मात्र ओल्या टायरवर डायनॅमोची फिरकी घसरते, तेव्हा मागचा सेलवाला दिवा चालू ठेवा.

पावसासाठी: दिव्याच्या खोक्यावर पाणी किती सोसेल ते लिहिलेलं असतं, आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे चालतील, आयपीएक्स ६ म्हणजे जोराचा मारा चालेल. मागच्या दिव्याला चाकाचा फवारा बसतो, तिथे ६ बघा. बहुतेक दिवे पाण्याने मरतात ते चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण नीट न बसल्याने. झाकणाच्या कडेला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. घरी आल्यावर ओला दिवा लगेच चार्जरला लावायचा नाही, रात्रभर झाकण उघडून वाळू द्या, नाहीतर भोकातल्या पिना हिरव्या पडतात. आणि पावसाळ्यात कंपनीतून निघताना मागच्या दिव्याची काच आणि मडगार्डवरचं टेप रोज ओल्या फडक्याने पुसा. येताना बसलेला चिखलाचा थर जाताना निम्मा उजेड गिळतो.

आरे_आणि_छर्रे

२००० ची वाटणी राहिली होती. पुढच्या दिव्याला हजारापर्यंत, मागच्या सेलवाल्याला तीन-चारशे, घोट्याचे पट्टे आणि एक मीटर प्रिझम टेप, थोडं मऊ टेप. जॅकेट नवं घेऊ नका, आहे त्याच्या चंदेरी पट्टीवर मोबाइलचा टॉर्च मारून बघा. ब्रशने घासून किंवा इस्त्री करून मणी गेले असतील तर पट्टी काळपट दिसेल. तसं असेल तर बांधकामावर घालतात ते जाळीचं जॅकेट शंभर-दीडशेत मिळतं, ते सॅकवरून चढेल एवढ्या मापाचं घ्या.