प्रोजेक्ट मॅनेजर झालोय पण कामात जीव रमंना, तुम्हाला समाधान कशातनं मिळतं?

उद्यमबागवाला
सिव्हिल करून 11 वर्षं झाली, पहिली 6 साईटवर, आता प्रोजेक्ट मॅनेजर. पगार चांगला आहे, घरचे खूश आहेत. पण दिवस कसा जातो तर सकाळी 7 ला फोन, सिमेंटची गाडी आली नाही, मग सेंट्रिंगवाल्याची (स्लॅबला फळ्या-टेकू लावणाऱ्याची) माणसं गावच्या जत्रेला गेली, मग आरए बिलात (चालू कामाच्या टप्प्याटप्प्याच्या बिलात) कट का मारला म्हणून वाद, आणि रात्री घरी आलो की परत ग्रुपवर फोटो टाकायचे. आधी स्लॅब झाला की त्या रात्री झोप कशी छान लागायची, आता स्लॅब झाला तरी बार चार्टमधली (कामाच्या वेळापत्रकातली) एक ओळ पुढं सरकली एवढंच वाटायलंय. सोडून शिकवायला जावं का?

चिक्कोडीकर
मी 26 वर्षं यातच आहे. आमच्याकडं सगळी काळी जमीन, पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. एका घराच्या फुटिंगला, म्हणजे पायाला, मुरूम (काळ्या मातीखालचा कडक थर) लागेपर्यंत खाली गेलो तर मालक रोज चिडायचा, खड्ड्यात पैसे पुरायलाय म्हणायचा. तिसऱ्या पावसाळ्यानंतर शेजारच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातनं तिरकी भेग गेली, याच्या घराला काही नाही. तो स्वतः गुळाची ढेप घेऊन घरी आला. मातीखालचं काम कुणाला दिसत नाही, मला मात्र त्या रस्त्यानं जाताना अजून दिसतं.

खानापूरची क्वालिटीवाली
दादा, तुम्ही स्लॅबच्या आदल्या दिवशी सळईवर चढून बघता का अजून? मी बघते, बॅटरी घेऊन, कव्हर ब्लॉक (सळई फळीपासून वर धरणारे छोटे ठोकळे) निसटलेत का, कॉलमजवळ बीमच्या रिंगा (सळयांभोवतीची कडी) जवळजवळ आहेत का. विजयपूरकडचा एक पोरगा बिगारी होता, त्यानं विचारलं अक्का, इथंच रिंगा दाट का? माझं कन्नड मोडकंतोडकं, मग मधे फळी धरून दोन्ही टोकं विटांवर ठेवली आणि टेकूजवळ कातर जोर (बीम कापू बघणारा जोर) कसा जास्त येतो ते हातानंच दाखवलं. आता तो सळई बांधणारा फिटर झालाय आणि मी सांगायच्या आधी नव्या पोरांना ओरडतो. एम-25 काँक्रीटचा क्यूब (चाचणीचा ठोकळा) 28 दिवसांनी मशीनमध्ये दाबल्यावर 25 न्यूटन प्रति चौरस मिमीच्या वर गेला की बरं वाटतंच, पण त्या पोराचं जास्त.

पूर्वी साईटवर होतो
मी शिकवायला गेलो. पोरं गुणी आहेत, पण ओल्या काँक्रीटचा वास आठवतो. आधी बिलं बिलिंग इंजिनिअरकडं द्या आणि सकाळचा एक तास फोन खिशात ठेवून साईट फिरा, मग ठरवा.

उद्यमबागवाला
ताई, आज सकाळी चढलो, लई दिवसांनी. बीमखाली पाच ठिकाणी कव्हर ब्लॉकच नव्हते, सळई थेट फळीला टेकलेली. ट्रान्झिट मिक्सर (काँक्रीटची गाडी) दोन तास उशिरा बोलावला, मालक फोनवर ओरडला, पण बसवूनच घेतले. आत्ता स्लॅब संपला, उद्या स्लॅबवर पाणी धरायला बांध घालायला स्वतः जाणार आहे.