पिवळी पानं आणि पहिली आवृत्ती

जुनी पुस्तकं घेताना पानं पिवळी म्हणजे पुस्तक दुर्मीळ, असं काही जण म्हणतात. ते काही पटलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा कागद सर्रास वापरात आला. त्यातल्या लिग्निन (लाकडातलं एक द्रव्य) आणि आम्लामुळे तो काही दशकांतच तपकिरी पडतो, कोपरा दुमडला की तुकडाच हातात येतो. उलट चिंध्यांपासून केलेला त्याआधीचा कागद २०० वर्षांनंतरही चांगला लवचिक सापडतो. तेव्हा रंगावर जाऊ नका, शीर्षकपानाच्या मागची बाजू बघा. अलीकडच्या बऱ्याच इंग्रजी पुस्तकांत तिथे आकड्यांची ओळ असते, दर नव्या छपाईला तिच्यातला एक आकडा काढतात. तिच्यात १ शिल्लक असेल तर बहुतेक वेळा ती पहिली छपाई. आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, १९७० च्या आसपास रूढ झाला, त्यामुळे तो छापलेली प्रत 'शंभर वर्षं जुनी' म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर नुसतं हसून पुढे सरकावं.

जुन्या पुस्तकांच्या अरुंद दुकानात फळ्या खच्चून भरलेल्या असतात. तिथे पुस्तक कण्याच्या वरच्या टोकाला बोट अडकवून ओढू नका, कापड तिथेच फाटतं. शेजारची दोन पुस्तकं जरा आत ढकलायची आणि मधलं पुस्तक कमरेत धरून काढायचं. दुकानदारही मग जरा मवाळ होतो.