प्रोटीन बार निवडताना वेष्टनावर नेमके काय वाचावे?

निळी_रांग (ठाणे):
नमस्कार. माझी मुलगी सोळा वर्षांची असून गेली तीन वर्षे स्पर्धात्मक जलतरण करते. पहाटे साडेपाच ते साडेसात सराव, तेथून थेट महाविद्यालय आणि साडेबाराला डबा, असा तिचा दिवस असल्यामुळे मधल्या पाच तासांत तिला काहीतरी पोटभरीचे लागते. तिच्याबरोबरची बहुतेक मुले प्रोटीन बार खातात, म्हणून आम्हीही ते आणू लागलो. रविवारी तिच्या दप्तरातून निघालेली तीन वेष्टने मी ओट्यावर सरळ करून वाचली आणि गोंधळ वाढलाच. एकावर ‘हाय प्रोटीन’, दुसऱ्यावर ‘नो ॲडेड शुगर’, तिसऱ्यावर ओट्स आणि मधाचे चित्र; मागच्या बाजूचे निम्मे शब्द मात्र समजत नाहीत. आम्ही शाकाहारी आहोत, दूध चालते. यांतला खरोखर पौष्टिक बार ओळखायचा कसा, आणि मुळात तो रोज द्यावा का?

ताटातले (नाशिक):
ताई, मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि हा प्रश्न खेळाडू मुलांचे पालक मला वारंवार विचारतात. वेष्टनाची पुढची बाजू ही जाहिरात असते, म्हणून वाचायला सुरुवात नेहमी मागच्या बाजूने करावी.

आपल्याकडच्या नियमांनुसार घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये प्रथिनांच्या दैनंदिन गरजेच्या २० टक्के प्रथिने असली, की त्यावर ‘हाय प्रोटीन’ असे छापता येते. ही गरज ५४ ग्रॅम धरली, तर १०० ग्रॅममागे जेमतेम ११ ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे ४० ग्रॅमच्या बारमध्ये सव्वाचार ग्रॅम असले तरी तो दावा नियमात बसतो. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, भाजलेल्या शेंगदाण्यांत सात-साडेसात ग्रॅम प्रथिने असतात, हे शेजारी ठेवून पाहा. म्हणून आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका बारचा, हे आधी तपासावे. एक ग्रॅम प्रथिनातून साधारण चार कॅलरी मिळतात, म्हणून त्यानंतर प्रथिनांच्या ग्रॅमना चाराने गुणून आलेली संख्या बारच्या एकूण कॅलरींशी ताडून पाहावी. २४० कॅलरींच्या बारमध्ये २० ग्रॅम प्रथिने असतील, तर एक तृतीयांश ऊर्जा प्रथिनांतून येते आणि त्याला प्रोटीन बार म्हणायला हरकत नाही. २०० कॅलरींमागे ६ ग्रॅमच असतील, तर तो गोड खाऊ आहे.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, त्यामुळे पहिली तीन-चार नावे म्हणजेच तो बार. तेथे शेंगदाणे, बदाम, ओट्स, दुधाची किंवा सोयाची प्रथिने दिसली तर ठीक. पण गोडवा अनेकदा विभागून लिहिलेला असतो: ग्लुकोज सिरप एकीकडे, मध दुसरीकडे, ब्राऊन राइस सिरप आणि गूळ आणखी खाली. प्रत्येकाचे वजन वेगळे मोजल्यामुळे एकही पहिल्या क्रमांकावर येत नाही, आणि सगळे मिळून मात्र ओट्सपेक्षा जास्त भरू शकतात.

साखरेच्या रकान्याबाबत एक गोष्ट अगदी थोड्यांना ठाऊक असते. वेष्टनावरची टक्केवारी दिवसाला ५० ग्रॅम अतिरिक्त साखर गृहीत धरून काढलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २०१५ मध्ये अशी साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी आणि शक्य तर ५ टक्क्यांच्या आत ठेवावी असे सुचवले. २००० कॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. तेव्हा वेष्टनावर २४ टक्के दिसले, तर तो एकच बार या २५ ग्रॅमांपैकी १२ ग्रॅम खर्च करतो.

आपण शाकाहारी असल्यामुळे कोलॅजन या काही बारमध्ये घातल्या जाणाऱ्या प्रथिनाकडेही लक्ष ठेवा. ते प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून किंवा माशांपासून मिळते आणि त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल, म्हणजे शरीराला आहारातूनच मिळवावा लागणारा प्रथिनांचा घटक, नसते. हिरवा ठिपका पाहूनच बार घ्यावा.

रोज द्यावा का, यावर माझे मत स्पष्ट आहे: जेवण मिळणे शक्य नसेल त्या दिवसासाठी बार ठेवावा, त्याचा नेम करू नये. नियमित सराव करणाऱ्या खेळाडूला दर किलो वजनामागे १.२ ग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रथिने लागतात, म्हणजे ५० किलो वजनाला किमान ६०. दूध, दही, ५० ग्रॅम पनीर, दोन वेळची डाळ-उसळ आणि शेंगदाणे यांतून तेथवर पोहोचता येते.

घाटमाथा:
‘नो ॲडेड शुगर’विषयी स्वतःचा अनुभव सांगतो. पुण्याहून साताऱ्याला जाताना सकाळी काही न खाता निघालो आणि बसमध्ये लागोपाठ दोन बार खाल्ले. खंबाटकी घाट येईपर्यंत पोट फुगून कळा येऊ लागल्या आणि पुढचा सगळा दिवस वाया गेला. घरी आल्यावर वेष्टन पाहिले, तर दुसऱ्याच क्रमांकावर माल्टिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात ते गोड द्रव्य, होते आणि त्यामुळे जुलाब होऊ शकतात अशी सूचना अगदी बारीक अक्षरांत छापलेली होती. माल्टिटॉल काही वेळा नुसते आयएनएस ९६५ या, खाद्यपदार्थांत मिसळायच्या द्रव्यांना दिलेल्या आंतरराष्ट्रीय क्रमांकानेही लिहितात. इन्युलिन, म्हणजे चिकोरीच्या मुळाचा तंतू, भरपूर असेल तरी अनेकांना वायू होतो. ताई, आपल्या मुलीने स्पर्धेच्या दिवशी नवा बार पहिल्यांदाच खाऊ नये, एवढे कळकळीने सांगतो.

उखळ_मुसळ (सांगली):
मी घरी वड्या करते, त्याचे प्रमाण देते. सोललेले फुटाणे १०० ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे १०० ग्रॅम, तीळ २५ ग्रॅम, साय काढलेल्या दुधाची पावडर ५० ग्रॅम आणि बिया काढलेला मऊ खजूर १५० ग्रॅम. फुटाणे आणि दाणे जाडसर कुटावेत, कारण फार बारीक केले तर तेल सुटते आणि वडी हाताला चिकटते. खजूर मळून त्यात सगळे एकजीव करावे आणि थापून दहा वड्या पाडाव्यात. एका वडीत साधारण सात ग्रॅम प्रथिने येतात. मात्र खजुराचीच नऊ-दहा ग्रॅम साखरही त्यात असते, आणि ती नैसर्गिक आहे म्हणून मोजायचीच नाही असे मी मानत नाही. गुळाच्या चिक्कीलाही हेच लागू आहे. दोन तास पोहून आलेल्या मुलीला ही साखर उपयोगी पडेल. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माझ्या यजमानांना मी अर्धीच वडी देते.

निळी_रांग (ठाणे):
आपणा सर्वांचे मनापासून आभार. तिन्ही वेष्टने पुन्हा ओट्यावर घेतली. ‘हाय प्रोटीन’वाल्या बारमध्ये १०० ग्रॅममागे १२ ग्रॅम प्रथिने आहेत आणि बार ४० ग्रॅमचा, म्हणजे पाच ग्रॅमही नाहीत. मधाचे चित्र असलेल्या बारच्या यादीत मध सातवा आणि ग्लुकोज सिरप पहिले आहे. साखर नसलेल्यात आयएनएस ९६५ सापडले. सकाळी पोट जड वाटते अशी तक्रार मुलगी महिनाभर करत होती आणि मी ती सरावाच्या थकव्यावर टाकत होते, याचे वाईट वाटते. तिन्ही बंद केले. आज वड्या थापल्या आहेत. उद्या सरावानंतर दोन वड्या आणि बाटलीत दूध, आणि लांबच्या स्पर्धेसाठी एक तृतीयांश हिशेबात बसणारा बार शोधून तो आधी सुट्टीच्या दिवशी खाऊन पाहायचा, असे आम्ही दोघींनी ठरवले आहे.