कीडाजडी: संशोधन एका बुरशीवर, विक्री दुसरीच्या नावावर?

गवतीचहा (धागाकर्ता):
तिबेटच्या पठारावर जमिनीखालच्या पतंगाच्या अळीला एक बुरशी आतून पोखरून खाते. बर्फ वितळू लागला की मेलेल्या अळीच्या डोक्यातून काडीसारखा तपकिरी कोंब वर येतो. चिनी वैद्यकातली ही कॉर्डिसेप्स सायनेन्सिस, उत्तराखंडातल्या पिथौरागडकडे कीडाजडी. जाहिरातीत मात्र गुण गातात 'कॉर्डिसेपिन'चे. तो रेणू १९५०च्या सुमारास सापडला मिलिटॅरिस या वेगळ्याच जातीत. २०१७ मध्ये चिनी संशोधकांनीच दाखवलं, की तो घडवणारा जनुकसंच सायनेन्सिसमध्ये नाही. मग लाखांचा भाव कशाचा?

वैद्यबुवा:
एक रेणू नाही म्हणून औषध खोटं? १७५७ च्या चिनी ग्रंथात हिची नोंद आहे. शिवाय मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारावरचं औषध फिंगोलिमॉड, २०१० साली अमेरिकेत मंजूर झालेलं, ते याच गोतावळ्यातल्या किड्यांवर वाढणाऱ्या बुरशीपासून आलं. परंपरेनेच बोट दाखवलं ना?

गवतीचहा:
बोट दाखवलं, मान्य. पण त्या बुरशीतला मायरिओसिन हा रेणू जसाच्या तसा फार विषारी. जपानच्या तेत्सुरो फुजितांच्या गटाने त्याची रचना बदलत बदलत औषध काढलं. अळी वाटून चाटवली नाही कुणी. कॉर्डिसेपिनचंही तेच: शरीरातलं एक विकर (एन्झाइम) त्याला झटपट निकामी करतं. मिलिटॅरिस त्याच्यासोबत पेंटोस्टॅटिन बनवते, ते त्या विकराला अडवतं. काय डोकं आहे बुरशीला!

वैद्यबुवा:
आणि किडनीच्या रुग्णांचं काय? रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ, उतरलं त्यांचं.

रुग्णसेविका:
मध्ये बोलते. २०१४ चा कोक्रेन आढावा, म्हणजे झालेल्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास, वाचलाय: २२ चाचण्या, १७४६ रुग्ण. आकडे सुधारलेले दिसतात, पण चाचण्यांचा दर्जा इतका सुमार, की ठाम काही म्हणता येत नाही असं आढावाकारच लिहितात. आधीच किडनी दुखावलेल्या माणसाला मी तरी देणार नाही. २०१६ मध्ये चीनच्या औषध प्रशासनाने इशारा दिला होता: कीडाजडीच्या नमुन्यांत किलोमागे ४.४ ते ९.९ मिलिग्रॅम आर्सेनिक, मर्यादा १.

वैद्यबुवा:
रोज चिमूटभर घेतात हो, किलोभर नाही! तुम्हा लोकांना देशी-चिनी काही आलं की आर्सेनिक आठवतं.

रुग्णसेविका:
चिमूट रोजची असते, म्हणूनच विचारतेय. तुम्ही घेता त्या बाटलीच्या बॅचचा आर्सेनिक रिपोर्ट विक्रेत्याकडे मागा आणि इथे टाका. मग क्रिएटिनिनवर बोलू.